सेल्फ, डायनामो, वायरिंग: उद्यमनगरातलं एक दुकान

बॅटरी वारंवार उतरत असेल आणि कुणी गाडीचं बॉनेटसुद्धा न उघडता ‘डायनामो गेलाय’ (डायनामो म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर) म्हणत असेल, तर कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात या दुकानात या. शटरवर पिवळ्या रंगात ‘सेल्फ, डायनामो, वायरिंग’ एवढंच लिहिलंय, नावाची पाटी नाही. चालवणाऱ्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात, मीही मामाच म्हणते. माझ्या मते या कामात त्यांच्याइतका चोख माणूस मिळणं अवघड आहे, आणि का ते नीट सांगते.

मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. माझ्या कामात बॅटरीचे जितके हाल होतात तितके लांब पल्ल्याच्या गाडीत होत नाहीत. एका गल्लीतून दोन पोरं, पुढच्या चौकात तिसरं, मग शाळेच्या गेटसमोर रांगेत उभं राहायचं. दर थांब्याला सेल्फ (स्टार्टर) मारायचा आणि मधे गाडी आयडलवर, म्हणजे रेस न देता नुसती चालू. त्यात जुलै-ऑगस्टचा कोल्हापूरचा पाऊस असला की वायपर, ब्लोअर, हेडलाईट सगळं एकदम चालू. 55 वॅटचे दोन हेडलाईटच जवळपास 9 अँपिअर खातात, आणि आयडलवर अल्टरनेटर देतो कमी.

गेल्या पावसाळ्यात सकाळी सेल्फ नुसता ‘टक’ करून थांबायला लागला. एका दुकानात सांगितलं, बॅटरी संपली. नवी बॅटरी बसवली, चार हजारांच्या आसपास गेले. काही आठवडे बरे गेले आणि पुन्हा तेच. दुसरीकडे सांगितलं, अल्टरनेटर बदला. दोन्ही ठिकाणी गाडीला मीटर लागलाच नाही. पोरांचे आईबाप सात वाजता दारात उभे असतात आणि गाडी ढकलून सुरू करावी लागते, हे मला सहन होत नव्हतं. शेजारच्या रिक्षावाल्या दादांनी मामांचं दुकान सांगितलं.

मामांनी आधी प्रश्न विचारले. चावी फिरवली की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो का? गाडी सुरू झाल्यावर विझतो का? बेल्ट पावसात किंचाळतो का? गाडी कधी पाण्यात उभी होती का? हा लाल दिवा नुसता शोभेचा नसतो, हे मला तिथंच कळलं. बऱ्याच साध्या गाड्यांत त्याच बल्बमधून जाणाऱ्या करंटनं अल्टरनेटरचा रोटर पहिल्यांदा चुंबक बनतो. बल्ब गेला असेल तर अल्टरनेटर चांगला असूनही चार्जिंग सुरू व्हायला वेळ लागतो, कधी होतच नाही. माझा दिवा लागत होता आणि विझतही होता.

मग मीटर निघाला. कडा झिजलेला, साधाच डिजिटल. मामांनी दोन मिनिटं हेडलाईट लावून बंद केले, म्हणजे बॅटरीवरचा वरवरचा चार्ज उतरतो आणि खरा आकडा कळतो. बॅटरी 12.1 व्होल्ट. पूर्ण भरलेली 12.6 च्या वर असते, 12.2 म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना आकडा 10.1 वर आला. “साडेनऊच्या खाली गेली न्हाई, म्हंजे सेल अजून धडधाकट हायती,” मामा म्हणाले.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर 13.1. रेस थोडी वाढवून ठेवली आणि हेडलाईट, ब्लोअर, वायपर लावले, तर आकडा 12.9 वर घसरला. तिथं किमान साडेतेरा तरी हवेत. इथंच बाकीचे लोक अल्टरनेटर काढायला बसतात. मामांनी तसं केलं नाही. तसंच सगळं चालू ठेवून मीटरची एक वायर अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर टेकवली, दुसरी त्याच्याच बॉडीवर. 14.2!

एकाच गाडीत, एकाच क्षणी, दोन जागी दोन आकडे. मधल्या 1.3 व्होल्टचा हिशोब लावायचा म्हणजे अर्धं काम संपलं. त्यांनी अर्थची बाजू मोजली, इंजिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत 0.1. ठीक. प्लसची बाजू मोजली, अल्टरनेटरच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत 1.2. तिथं 0.2 च्या आसपास असायला हवं. म्हणजे वीज तयार होत होती, पण वाटेत जिरत होती.

“वैनी, बॅटरीला काय बी झालेलं न्हाई. पोरगं आजारी न्हाई, उपाशी हाय.”

अल्टरनेटरमधून येणारी जाड वायर सीटखालच्या मेन फ्यूजला जाते, तिचा माग काढत ते गेले आणि टेप गुंडाळलेला एक जोड सापडला. टेप कडक होऊन काळी पडलेली. कापली तर आत तांब्यावर हिरवी पूड. ही गाडी 2021 च्या जुलैतल्या पुरात चाकाच्या निम्म्यापर्यंत पाण्यात उभी होती. मामा म्हणाले, पाणी त्या जोडात शिरलं असणार आणि तेव्हापासून गंज आत आत चढत गेला. 20 अँपिअर जात असताना तिथं 1.2 व्होल्ट पडत असतील तर 24 वॅटची उष्णता त्या एवढ्याशा जोडात निघते. टेप कडक का झाली, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरून धरणारा भाग, बहुतेक गाड्यांत अल्टरनेटरच्या आतच असतो, आणि माझ्या गाडीत तो आपल्याच बोल्टवरचा व्होल्टेज बघतो. तिथं 14.2 दिसले की त्याला वाटतं सगळं झालं, म्हणून तो आणखी जोर लावत नाही. बॅटरी बिचारी दिवसभर थोडी थोडी कमी भरत राहते. अशा अर्धपोटी बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि वर्षभरात नवी बॅटरीही खरोखरच मरते. अल्टरनेटर बदलला असता तरी तो जोड तसाच राहिला असता.

मामांनी जुना जोड कापून टाकला, नवी जाड वायर घेतली, दोन्ही टोकांना लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून बसवले, वरून सोल्डर केलं, स्लीव्ह चढवली. मेन फ्यूजचे स्क्रू घासून घट्ट केले. पुन्हा मोजलं, सगळं चालू ठेवून बॅटरीवर 14.0. मीटर एसीवर लावून अल्टरनेटरमधले डायोडही (एसीचं डीसी करणारे भाग) बघितले. एखादा डायोड गेला असेल तर तिथं आकडा वर येतो, माझ्याकडे जवळपास शून्य होता. गाडी बंद करून विजेची काही गळती आहे का तेही पाहिलं, 30 मिलिअँपिअरच्या आत. 50 पर्यंत चालतं म्हणाले. बेल्ट अंगठ्यानं दाबून बघितला, तो बदलायची गरज नव्हती आणि त्यांनी बदललाही नाही.

बॅटरी मात्र रात्रभर दुकानात ठेवून घेतली. माझी 35 अँपिअर-अवरची आहे, ती साडेतीन अँपिअरवर हळूहळू भरली. उतरलेली बॅटरी भरायचं काम अल्टरनेटरवर टाकू नका, तो गरम होतो, असं त्यांनी बजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः बसवून दिली. एकूण 650 रुपये झाले, मजुरी, वायर, चार्जिंग सगळं धरून.

मी थांबले होते तेव्हा एक टेम्पोवाला आला. गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून बघा, बंद पडली तर डायनामो खराब, असं तो म्हणत होता. ही युक्ती पुष्कळ गॅरेजमध्ये अजून चालते. मामांनी हात लावू दिला नाही. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो आणि रेग्युलेटर, डायोड, नव्या गाडीत तर कंप्युटरसुद्धा जळतो, हे त्यांनी त्याला शांतपणे समजावलं आणि मीटर लावून दाखवलं. दिवसभर तेच तेच सांगूनही त्यांचा आवाज चढत नाही. मला त्यांच्याबद्दल खूप आदर वाटतो तो यामुळेही.

अडचणीही आहेत. दुकान अरुंद बोळात आहे, मोठी गाडी उलटी घालावी लागते. बसायला एक स्टूल, तेही बहुतेक वेळा स्पेअरनं भरलेलं. बाईमाणसानं तासभर थांबायचं तर समोरच्या चहाच्या गाडीचाच आधार. बिल साध्या कागदावर मिळतं, त्यामुळे ज्यांना कंपनीकडून पैसे परत घ्यायचे आहेत त्यांनी आधीच सांगावं. फोन ते कामात असताना उचलत नाहीत. आणि ज्या नव्या गाड्यांत अल्टरनेटर कंप्युटरच्या हुकमावर कधी साडेबारा, कधी पंधराच्या जवळ व्होल्ट देतो, त्या ते हातात घेत नाहीत. माझ्यासमोर एकाला त्यांनी सरळ सांगितलं, याला स्कॅनर लागतो, माझ्याकडे नाही, तुम्ही सर्व्हिस सेंटरला जावा. एक पैसा घेतला नाही.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दुपारनंतर ऊस आणि भाजीच्या टेम्पोंची रांग लागते. शक्य असेल तर आदल्या रात्रीपासून गाडी बंद ठेवा, म्हणजे बॅटरीचा खरा आकडा मिळेल. आणि मामा मीटर लावत असतील तेव्हा शेजारी उभ्या राहा. ते प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचून दाखवतात, विचारलं तर का ते सांगतात. मी माझे आकडे व्हॅनच्या कागदपत्रांच्या पाकिटावर आतून लिहून ठेवलेत. पावसाळ्याच्या आधी एकदा त्यांच्याकडून पुन्हा मोजून घेणार आहे.