घरपोच डीएनए किट: अहवालातल्या औषधांच्या पानासाठी घ्या, कॅन्सरच्या पानावर विसंबू नका

लाळेवरून डीएनए तपासणारी किटं आता मुंबईत घरपोच मिळतात. डब्यात फनेल लावलेली नळी, रसायन भरलेलं झाकण, बारकोड आणि परतीचं पाकीट असतं. लाळ देण्याआधी अर्धा तास खाणं-पिणं, तंबाखू, च्युइंगगम बंद. साधारण 2 मिली लाळ लागते आणि ती फेस सोडून रेषेपर्यंत मोजायची. फेसासकट रेष गाठली तर डीएनए कमी पडू शकतो आणि नमुना परत मागवला जाऊ शकतो. झाकण लावल्यावर रसायन लाळेत उतरलं की नळी नीट हलवा. ते मिसळलं नाही तर मुंबईच्या दमट उकाड्यात जंतू वाढतात आणि डीएनए तुटत जातो.

आता अहवाल. आपला जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, सुमारे 3 अब्ज अक्षरांचा. लाळ तपासणारी प्रयोगशाळेतली चिप त्यातली ठरावीक काही लाख अक्षरंच बघते. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए1 आणि बीआरसीए2 या जनुकांत हजारो घातक बदल माहीत आहेत, चिपवर मोजकेच असतात. त्यामुळे आईला किंवा मावशीला कमी वयात स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ‘बदल आढळला नाही’ या ओळीला काहीच अर्थ नाही. तिथे जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त देऊन पूर्ण जनुक वाचून घ्यावं, आणि शक्य असेल तर आधी आजारी नातेवाइकाचं. उलट, दुर्मीळ बदल ‘आढळला’ असेल तरी सँगर पद्धतीनं, म्हणजे डीएनएचा तो तुकडा थेट वाचून, पडताळल्याशिवाय कॅन्सर टाळण्यासाठीच्या ऑपरेशनचा विचारही नको.

थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारासाठी हे किट घेऊच नका. लग्न ठरवताना, विशेषतः सिंधी, लोहाणा, पंजाबी घरांत, एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी साधी रक्तचाचणी सरस ठरते. त्यातला एचबीए2 हा प्रकार साधारण 3.5 टक्क्यांच्या वर असेल तर वाहक असण्याची, म्हणजे स्वतः निरोगी राहून मुलांना दोष देऊ शकण्याची, दाट शक्यता. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा फसवा खाली येतो, तेव्हा लोहाचा साठा सांगणारं फेरिटिनही बघा. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) रक्तविकारांवरची संस्था याच विषयात काम करते.

औषधांचं पान मात्र खरंच कामाचं. अँजिओप्लास्टीनंतर रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी दिलं जाणारं क्लोपिडोग्रेल शरीरात सीवायपी2सी19 या जनुकामुळे कामाला लागतं. त्याचा मंद प्रकार भारतीयांत बराच आढळतो, आणि मग गोळी घेऊनही रक्त गोठण्याचा धोका राहतो. हे पान कार्डिओलॉजिस्टना दाखवा, गोळी स्वतःहून बंद करू नका.

हृदयविकाराच्या ‘जोखीम गुणां’चं, म्हणजे अनेक छोट्या डीएनए बदलांची बेरीज करून धोका सांगणारं, पान सोडून द्या. ते गणित मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बसवलेलं आहे. भारतीयांसाठी असं गणित बसवायला उपयोगी पडेल अशी, जीनोमइंडिया या सरकारी प्रकल्पाची 10,000 भारतीय जीनोमची माहिती संशोधकांना जानेवारी 2025 मध्ये खुली झाली.

पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारा: कोणत्या जनुकातले नेमके किती बदल तपासता, आणि सांगितल्यावर माझा डेटा पुसता का?