युरोपातील ग्राहकांसाठी इन्स्टाग्रामची जाहिरात की ईमेलचे वार्तापत्र?

जर्मनीतील ग्राहकांना कोल्हापुरी चपला थेट विकू पाहणाऱ्या एका परिचितांना प्रश्न पडला आहे, की हाताशी असलेला थोडा पैसा इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर खर्च करावा की ईमेल वार्तापत्रावर.

खर्च पाहता, जाहिरातीचे पैसे थांबले की तिची पोहोचही थांबते. ईमेलची यादी मात्र आपल्याकडेच राहते.

खरा फरक कायद्यात आहे. २५ मे २०१८ पासून लागू झालेला ‘जीडीपीआर’ हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा युरोपीय कायदा युरोपीय संघातील ग्राहकांना माल विकणाऱ्या कोल्हापूरच्या दुकानालाही लागू होतो आणि गंभीर उल्लंघनासाठी २ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. ईमेलसाठी सहसा आधी संमती लागते. जर्मनीत तर नोंदणीनंतर आलेल्या दुव्यावर ग्राहकाने पुन्हा होकार देण्याचा प्रघात आहे. त्यामुळे यादी हळूहळू वाढते. विकतची यादी वापरणे म्हणजे विकतचे दुखणे.

इन्स्टाग्रामवर सुरुवात सोपी वाटते, परंतु संकेतस्थळावर ग्राहकाचा माग ठेवायचा तर तेथेही संमती हवीच, आणि पैसे घेऊन स्तुती करणाऱ्याने ती जाहिरात असल्याचे स्पष्ट सांगावे लागते.

ज्यांना अद्याप कोणी ओळखत नाही, त्यांनी इन्स्टाग्रामपासून सुरुवात करावी. ज्यांचे ग्राहक पुन्हा खरेदी करतात, त्यांना वार्तापत्रच परवडेल. आमच्या परिचितांनी, माझ्या मते, सध्या पहिलाच मार्ग धरावा.