पाच नावं, एक मध्यंतर आणि शेवटी भैरवी: नौपाड्यातली वरची खोली

ठाण्यात गोखले रोडवरून आत वळलं की एक झेरॉक्सचं दुकान लागतं. त्याच्या शेजारून जिना वर जातो. पाटी नाही, झेरॉक्सवाल्यांना विचारलं की ते हातातलं काम न थांबवता मान वर करतात. वर एक लांबट खोली आहे, तीसेक माणसं बसतील एवढी. एका टोकाला टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर, दोन जुने लाकडी स्पीकर आणि गुंडाळता येणारा पडदा. महिन्यातल्या एका शनिवारी इथे ऐकण्याची बैठक भरते. कधी जाझ असतं, कधी नाट्यपदं. गेले तीन महिने मात्र एकच विषय चालू आहे: वेगवेगळ्या काळांतल्या काळ्या अमेरिकन स्टँड-अप कॉमेडियन्सना एका रात्री, एका रंगमंचावर आणलं तर? मी तिन्ही वेळा गेले.

पद्धत अशी. दाराशी पोस्टकार्डाएवढा एक कोरा कागद हातात देतात. त्यावर पाच नावं लिहायची, पण क्रमाने. निदान तीन दशकं त्यात आली पाहिजेत, माणूस हयात असो वा नसो. प्रत्येकाला दहा मिनिटं. सगळे कागद डब्यात जातात, त्यातले दोन निघतात आणि त्या क्रमाने ध्वनिमुद्रणं किंवा चित्रफिती लावतात. मग चर्चा. तिकीट ३०० रुपये. त्यात गवती चहा आणि दोन बटाटेवडे. वडे गरम असतात आणि लसणाची चटणी कोरडी, खमंग. याहून जास्त खाण्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

मी बावीस वर्षं नाटकांना साउंड ऑपरेट करते. गडकरी रंगायतन, घाणेकर, वाशीचं भावे नाट्यगृह, ही माझी कामाची ठिकाणं. त्यामुळे पहिल्या शनिवारी आत शिरताच माझं लक्ष स्पीकरकडे गेलं. दोन्ही अगदी कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून ठेवलेले. असं केलं की खालचे स्वर घुमतात आणि बोलणं त्यात बुडतं. गाण्याला ते एक वेळ चालून जातं, विनोदाला नाही. विनोदात शेवटचा शब्द गेला की सगळं गेलं. मध्यंतरात मी सांगितलं, तर बैठक चालवणारा मुलगा लगेच म्हणाला, "ताई, तुम्हीच लावून द्या ना." आम्ही दोघांनी स्पीकर दीड-दोन फूट पुढे ओढले, थोडे आत वळवले. त्यानंतर जुन्या काळच्या कॉमेडियन मॉम्स मेबलींची रेकॉर्ड लागली आणि दात नसलेल्या तोंडातून येणारा त्यांचा "स" खोलीभर स्वच्छ ऐकू आला. दुसऱ्या महिन्यात गेले तेव्हा स्पीकर तिथेच होते आणि खाली जमिनीवर खुणेची पट्टी चिकटवलेली होती. ऐकून घेणारी माणसं आहेत. यासाठी मी या जागेला सगळ्यात जास्त गुण देते.

मेबली म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्या. घरातला ढगळ झगा, वाकडी टोपी आणि बोळकं तोंड असा त्यांचा म्हातारीचा अवतार होता. वंशभेदाच्या काळात काळ्या कलावंतांना ज्या थिएटरांत आणि क्लबांत काम मिळायचं, त्या साखळीला "चिटलिन सर्किट" म्हणत. त्या साखळीत आणि न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरात त्या दशकानुदशकं उभ्या राहिल्या. मग साठच्या दशकात त्यांच्या रेकॉर्ड शिकागोच्या चेस कंपनीने काढल्या, म्हणजे ज्या कंपनीने मडी वॉटर्स आणि चक बेरी हे गायक ऐकवले तीच. १९६२ साली त्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या मानाच्या सभागृहापर्यंत पोचल्या. हे सगळं बैठकीत कुणी सांगत नाही आणि ही माझी पहिली तक्रार. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक काकू होत्या. हशा ऐकून त्याही हसायच्या, पण मध्येच वाकून एखाद्या कॉमेडियनबद्दल विचारायच्या, "अगं, बसमध्ये मागे बसण्याचं काय म्हणाला तो?" तिकडे दक्षिणेत काळ्यांना बसमध्ये मागे बसावं लागे आणि १९५५ साली माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स ही काळी बाई गोऱ्यांसाठी आपल्या जागेवरून उठली नाही, हे मी त्यांच्या कानात सांगितलं. तेवढं कळल्यावर पुढच्या वाक्याला त्या मनापासून हसल्या. दाराशी कागद देतातच, तर त्याच्या मागच्या बाजूला मराठीत पाच-सहा ओळींची माहिती छापायला काय हरकत आहे? झेरॉक्स तर खालीच आहे.

आता कागदांबद्दल. बहुतेक कागदांवर तीच चार नावं असतात: रिचर्ड प्रायर, एडी मर्फी, क्रिस रॉक, डेव्ह शपेल. नावं खरंच मोठी आहेत. एडी मर्फी १९८३ साली लाल चामड्याच्या पोशाखात वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये उभा राहिला तेव्हा बावीस वर्षांचा होता, आणि क्रिस रॉकने १९९६ च्या तासाभराच्या टीव्ही कार्यक्रमात आपलं नाव नव्याने उभं केलं. पण ही चौघं ओळीने लावली की ऐकणारा तिसऱ्यावरच थकतो. दुसऱ्या महिन्यात नेमका असा एक कागद निघाला आणि चौथ्याच्या वेळी खोलीतला अर्धा हशा आटलेला मी कानांनी ऐकला. शपेलचा काही दोष नव्हता. त्याच्या आधी कोण होतं, एवढंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्वप्नातल्या कार्यक्रमात नावांइतकाच क्रम महत्त्वाचा. आपल्याला हे नवीन नाही. तमाशात गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम कुणी उगाच लावलेला नाही. मैफलीत भैरवी आधी घेत नाहीत. माझे आजोबा आंबेडकरी जलशात होते. बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातली पाळी संपवून गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. जलशातले संवाद हसवत हसवत अस्पृश्यतेला कसे भिडायचे, हे आजोबांनी घरात करून दाखवलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. समोर बसलेल्याला आधी हसवून मोकळं करायचं आणि मग बोलायचं ते बोलायचं. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याचं नाव आमच्या घराला परकं नव्हतं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीच तिकडच्या ब्लॅक पँथरकडे बघून. त्यामुळे या बैठकीला मी करमणूक म्हणून गेले नाही.

तिसऱ्या शनिवारी माझा कागद निघाला. तो असा होता.

सुरुवात डिक ग्रेगरी, १९६१. पहिल्या माणसाने ओरडायचं नसतं. त्याने खोलीचे कान लावून घ्यायचे असतात. ग्रेगरी सिगारेट हातात धरून, आवाज न चढवता बोलतो. त्या वर्षीच्या जानेवारीत शिकागोच्या प्लेबॉय क्लबात तो बदली म्हणून गेला, तर समोर दक्षिणेकडच्या गोऱ्या व्यावसायिकांचा जमाव. त्यांच्यासमोर तो उभा राहिला आणि टिकला. नंतर जॅक पारच्या टीव्ही कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तर त्याने नकार दिला. कारण काळे कलाकार आपलं काम करून निघून जात. शेजारच्या सोफ्यावर बसून गप्पा मारायला त्यांना बोलावलं जात नसे. सोफ्यावर बसवणार असाल तर येतो, असं त्याने कळवलं. आणि तो सोफ्यावर बसला.

दुसरा बर्नी मॅक, नव्वदच्या दशकातला. "डेफ कॉमेडी जॅम" हा कार्यक्रम १९९२ साली सुरू झाला, त्यातली त्याची ती प्रसिद्ध एन्ट्री. आधीच्या कलाकाराला प्रेक्षकांनी हुसकावलेलं, हॉल चवताळलेला, आणि हा येऊन थेट सांगतो की मी तुम्हाला घाबरत नाही. मग दर विनोदानंतर तो वाजवणाऱ्याला हाक देतो आणि ठेका पडतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून उभी राहिले होते. सोंगाड्याच्या वाक्यावर ढोलकीची थाप पडते ना, तेच हे! हाक आणि ठेका यांत जराही फट नाही. असा क्यू पकडणारा माणूस मिळायला भाग्य लागतं. ही चित्रफीत मी बाबांना फोनवर दाखवली. त्यांना इंग्रजी येत नाही. ते म्हणाले, "वाजवणारा त्याच्या तोंडाकडे बघत नाही, खांद्याकडे बघतो."

त्यानंतर मध्यंतर. कागदावर मी ते लिहिलंच होतं आणि मुलाने खरोखर दिवे लावून चहा फिरवला. कारण तिसरा रिचर्ड प्रायर, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या थिएटरातला, डिसेंबर १९७८. तो कार्यक्रम १९७९ साली चित्रपट म्हणून आला. त्याची सुरुवातच मध्यंतराने होते: लोक अजून जागेवर येताहेत, आणि प्रायर पहिला हशा त्यावरच घेतो की गोरे प्रेक्षक बाहेरून परत येतात तर त्यांच्या खुर्च्या काळ्यांनी बळकावलेल्या. आमच्या खोलीतही माणसं चहाचे ग्लास घेऊन खुर्च्या शोधत होती. सगळी खोली एकदम हसली, आणि शेजारच्या काकूंना या वेळी काहीच समजावावं लागलं नाही. पुढे तो स्वतःचा हृदयविकाराचा झटका उभा करतो. त्याचं हृदय त्याच्याशी दरडावून बोलतं, गुडघ्यावर आणतं. माइक हातातच असतो. श्वास, धाप, हृदयाचा आवाज, विनवणारा माणूस हे सगळं एका माइकवर, आणि कुठेही आवाज फाटत नाही. ही शिस्त मी शिकाऊ मुलांना ऐकवते.

चौथा जेरॉड कारमायकल, २०२२. न्यूयॉर्कच्या ब्लू नोट या जाझ क्लबात तो खुर्चीवर बसून, जवळजवळ कुजबुजत आपल्या घरातली गुपितं सांगतो, आणि प्रेक्षक मध्येच त्याच्याशी बोलतात. प्रायरनंतर कुणी मोठा आवाज आणला असता तर टिकला नसता. इथे शांतता हवी होती. पण नेमक्या याच वेळी खोलीतला एसी घरघरत होता. तो जुना आहे, बदलायला हवा. निदान हळू आवाजाच्या कलाकाराला तरी तो बंद ठेवा. दहा मिनिटांत कुणी उकडून जात नाही.

शेवटी मेबली. विनोद नाही, गाणं. लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग आणि केनेडी बंधू या मारल्या गेलेल्या माणसांवरचं "अब्राहम, मार्टिन अँड जॉन". मेबलींनी ते १९६९ साली गायलं आणि पंचाहत्तरीच्या घरातल्या या बाईचं गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या चाळिसात गेलं. आवाज थरथरतो, शब्द पुटपुटल्यासारखे येतात. हसवणाऱ्या बाईने शेवटी असं गावं आणि खोलीने गप्प बसावं, हीच माझी भैरवी. त्या दिवशी सुई शेवटच्या खाचेत गेल्यावरही मुलाने ती लगेच उचलली नाही. खरखर थोडा वेळ चालू राहिली. बरं केलं त्याने.

एक गोष्ट मात्र खटकली आणि ती लिहायलाच हवी. या ध्वनिमुद्रणांत काळ्यांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा तो शब्द सतत येतो. तो कापून टाकू नये, या मताची मी आहे. ज्यांना तो ऐकवला गेला, त्यांनी तो उलटा वापरून बोथट करायचा प्रयत्न केला, तो इतिहास आहे. पण चर्चेत एक मुलगा प्रायरची नक्कल करता करता तो शब्द मजेत, पुन्हा पुन्हा म्हणू लागला. मी हात वर करून थांबवलं. आमच्या आज्याला गावात कोणत्या नावाने हाक मारायचे हे मला माहीत आहे, आणि ते नाव कुणी नक्कल म्हणून माझ्यासमोर घेतलेलं मी चालवून घेणार नाही. खुद्द प्रायरने केनियाला जाऊन आल्यावर तो शब्द सोडला आणि १९८२ च्या चित्रपटात त्याचं कारणही सांगितलं. तो तुकडा बैठकीत लावा, आधी लावा. मुलाने माझी माफी मागितली. तो कुत्सित नव्हता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बायकांची नावं कागदांवर फार कमी येतात. वांडा साइक्स या कॉमेडियनला मी निवेदक म्हणून ठेवलं होतं. पाचही जणांना धाकात ठेवेल असा तिचा आवाज आहे. २००१ सालच्या "क्वीन्स ऑफ कॉमेडी" या कार्यक्रमातल्या मोनीक, सोमोर, अडेल गिव्हन्स आणि लॉरा हेज या चौघींचं नाव एकाही कागदावर निघालं नाही. त्यांच्यासाठी एक स्वतंत्र शनिवार द्या, ध्वनिमुद्रणं मी शोधून आणते.

व्यवहाराचं थोडं. बैठक सहाची लिहिलेली असते, सुरू साडेसहाला होते. गाडी आणू नका, नौपाड्यात लावायला जागा नाही; स्टेशनवरून चालत या. खुर्च्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि अडीच तासांत पाठ बोलायला लागते, उशी बरोबर ठेवा. आणि जिना उभा आहे, कठडा एकाच बाजूला.

पुढच्या महिन्यात मी बाबांना आणणार आहे. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत. त्यांना त्या वाजवणाऱ्याला मोठ्या पडद्यावर पाहायचं आहे. झेरॉक्सवाल्यांनी सांगितलंय, जिन्याच्या वळणावर टेकायला एक स्टूल ठेवतो.