मेटलचा व्हॉल्व्ह की टिश्यूचा?

डॉक्टरांनी "हृदयाचा व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, बदलावा लागेल" म्हटलं की घरात पहिला प्रश्न निघतो: जास्त कुठला टिकतो? आमच्या घरात दोन्ही आहेत. आईला 41व्या वर्षी मेटलचा बसवला, त्याला 17 वर्षं झाली. आत्याला सत्तरीनंतर टिश्यूचा. दोघींचे दिवस जवळून पाहिल्यावर मला वाटतं, टिकण्याचं नंतर बघा. आधी हे बघा, की रक्त पातळ ठेवायची शिस्त घराला जन्मभर पेलेल का?

त्याच्याही आधी, बदलायलाच हवा का, हे विचारून घ्या. लहानपणच्या सांधेतापाने आकसलेली मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) अजून लवचिक असेल, फार गळत नसेल, तर कधी कधी नळीतून आत नेलेल्या फुग्याने उघडता येते.

मेटलचे म्हणतात त्यातले बरेचसे व्हॉल्व्ह मुख्यतः खास कार्बनचे असतात, मेटल हे बोलण्यातलं नाव. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेला देशी चित्रा व्हॉल्व्ह 1990 पासून बसवला जातोय आणि परदेशीपेक्षा स्वस्त पडतो. हे व्हॉल्व्ह सहसा झिजून बाद होत नाहीत. धोका गुठळीचा. गुठळी झाली तर व्हॉल्व्ह अडकतो किंवा ती मेंदूत जाऊन लकवा होतो. म्हणून वॉरफरिन किंवा तशीच गोळी रोज, कायमची, आणि आयएनआरची तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ घेतं त्याचा आकडा. निरोगी माणसाचा आकडा 1च्या आसपास असतो. मायट्रल जागी मेटल असेल तर साधारण 2.5 ते 3.5 ठेवतात. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव.

आई कॅलेंडरच्या चौकटीत पेनने लिहिते: "2.8, एक गोळी", दुसऱ्या दिवशी "अर्धी". अर्धी ब्लेडने कापून डबीत. एकदा गुडघा दुखतो म्हणून तिने मेडिकलमधून आपल्या मनाने दुखण्याची गोळी आणली. चौथ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना, आकडा 6च्या वर. वेळ अमावस्येला शेतात पोटभर पालेभाज्यांची भज्जी झाली, की पुढच्या तपासणीत उलटं, आकडा खाली. पालेभाजी बंद करायची नाही, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. मे महिन्यात रात्री लाईट जाऊन पंखा थांबला की शेजारी झोपलेल्याला तिच्या छातीतली टिकटिक ऐकू येते. तिला सवय झाली, मला नाही.

टिश्यू व्हॉल्व्ह डुकराच्या झडपेचा किंवा गाईबैलांच्या हृदयावरच्या आवरणाचा करतात. घरात कुणाला ते चालणार नसेल तर आधीच बोला. रक्त पातळ करायची गोळी बहुधा तीन ते सहा महिने. ठोके अनियमित असतील तर मात्र पुढेही. आत्याची बंद झाली. पण हा साधारण 10 ते 15 वर्षांत खराब होतो, तरुण शरीरात त्याहून लवकर. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा जोखमीचं. काहींना जांघेतून नळीने जुन्यातच नवा बसवता येतो, पण खर्च मोठा. म्हणून ढोबळमानाने पन्नाशीच्या आत मेटल, पासष्टीनंतर टिश्यू. मधल्यांनी सर्जनशी बसून ठरवावं.

मूल हवं असलेल्या मुलीचा हिशोब वेगळा. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत वॉरफरिनने बाळात व्यंग येऊ शकतं, आणि गोळी सोडली तर आईचा जीव धोक्यात. त्यामुळे पुढचं ऑपरेशन गृहीत धरूनही काहीजणी टिश्यू घेतात. हे सासरच्यांनी वॉर्डाबाहेर उभं राहून ठरवू नये. तिला समोर बसवून, सगळं सांगून, तिचं म्हणणं विचारा. ही गोष्ट मला फार लागते.

पैशासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपल्या ऑपरेशनला कुठला व्हॉल्व्ह मिळतो, ते दाखल होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेचा मदतनीस) पक्कं करा. आणि करमाळा, सांगोल्याच्या खेड्यात राहत असाल तर आयएनआरसाठी दर महिन्याला गाडी धरून कोण जाणार, त्याचं नाव आजच ठरवा. तसं कुणी नसेल, तर पन्नाशीच्या आत असूनही सर्जनला ते स्पष्ट सांगा. निर्णय त्यावरही फिरू शकतो.

व्हॉल्व्ह कुठलाही असो, दात काढायच्या आधी डेंटिस्टला सांगायचं आणि अंगात ताप राहिला तर मनाने अँटिबायोटिक घ्यायचं नाही, आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते शोधायची तपासणी. सांधेतापाच्या पेशंटचं दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शनही डॉक्टरांनी सांगितलं तोवर सुरूच; नवा व्हॉल्व्ह बसला म्हणून ते सुटत नाही.