अ‍ॅक्सेस, २५५ रकाने आणि संत्राबागांच्या नोंदी

नागपूर परिसरातील संत्राबागांच्या नोंदी ठेवण्यासाठी आम्ही अ‍ॅक्सेस हे डेस्कटॉप डेटाबेस सॉफ्टवेअर वापरतो. त्याच्या एका टेबलात जास्तीत जास्त २५५ रकाने मावतात, आणि एक्सेलच्या १६,३८४ रकान्यांची सवय झालेल्या माणसाला ही मर्यादा लवकरच जाणवते. बागेच्या मूळ माहितीचे १५ रकाने आणि आंबिया व मृग या बहारांची प्रत्येकी १२ निरीक्षणे, अशी दहा वर्षांची माहिती शेजारी शेजारी मांडताच आमचे टेबल काठोकाठ भरले. अकराव्या वर्षासाठी जागाच उरली नाही.

आम्ही चार जुने रकाने काढून पाहिले, तरी नवा रकाना घेतला जाईना. काढलेला रकाना अ‍ॅक्सेसच्या अंतर्गत मोजणीत तसाच राहतो, आणि फाइलची प्रत बाजूला ठेवून ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही फाइल आवरून दुरुस्त करणारी सोय चालवल्यावरच ती मोजणी खाली येते, हे तेव्हा कळले. ऐन हंगामात अडलेल्याला एवढी माहितीही पुरते.

एकच बाग क्रमांक ठेवून दोन टेबले करणे हा पुष्कळांचा आवडता उपाय आहे. नोंदी भरायच्या मुख्य फॉर्ममध्ये सबफॉर्म, म्हणजे आतला दुसरा फॉर्म, बसवला की नोंदी भरता येतात. परंतु दोन्ही टेबले जोडून सगळे रकाने एकत्र पाहू म्हटले, तर टेबलांतून माहिती मागवणाऱ्या क्वेरीलाही तीच २५५ ची मर्यादा लागू होते.

खरा दोष आमच्या मांडणीत होता. ‘मृग_२०१७_फळगळ’ हे रकान्याचे नाव नसून त्यात बहार, वर्ष आणि निरीक्षण अशी तीन माहिती कोंबलेली आहे. आता निरीक्षणांच्या टेबलात बाग क्रमांक, वर्ष, बहार, निरीक्षण आणि मोजमाप असे पाचच रकाने आहेत, आणि पहिल्या चारांची मिळून प्राथमिक की, म्हणजे नोंदीची एकमेव ओळख, केल्यामुळे एकच नोंद दोनदा शिरत नाही. आडवा तक्ता हवा असेल तेव्हा क्रॉसटॅब क्वेरी तो तयार करते. तिथेही २५५ चीच मर्यादा असल्याने आम्ही एका वेळी एकच वर्ष मागतो. डिंक्या (झाडातून डिंक गळण्याचा रोग) आहे की नाही, हे मात्र १ किंवा ० असे आकड्यांत लिहावे लागते, कारण मोजमापाचा रकाना संख्येचा आहे. ही किंमत मला मान्य आहे.

ज्यांना रुंद टेबलावाचून गत्यंतरच नाही, त्यांनी एसक्यूलाइट हे दुसरे डेटाबेस सॉफ्टवेअर पाहावे. तिथे मूळ मर्यादा २,००० रकान्यांची आहे. आम्ही अ‍ॅक्सेस सोडले नाही. यंदा कोळशीची (पानाफळांवर काळी बुरशी चढण्याच्या रोगाची) नोंद नव्याने सुरू केली, तेव्हा निरीक्षणांच्या यादीत एक ओळ वाढवली आणि टेबलाला हातही लावावा लागला नाही.