घटसर्पाचं विष घ्यावं की कॉलऱ्याचं?

सेमिनारसाठी यांतलं कोणतं निवडावं, असं विचारलंत. दोन्ही जिवाणूंची प्रथिनं आहेत, पण वाटा अगदी वेगळ्या.

आधी प्रवेश पाहू. घटसर्पाचं विष पेशीवरच्या एका वाढघटकाच्या (पेशीला वाढीचा संकेत देणाऱ्या प्रथिनाच्या) पूर्वरूपाला चिकटून एंडोसोममध्ये, म्हणजे पेशीने आत ओढलेल्या पदार्थांच्या पिशवीत जातं. तिथली आम्लता वाढली की त्याचा एक भाग पिशवीच्या पटलात घुसतो आणि ए-खंड, म्हणजे इजा करणारा भाग, थेट पेशीद्रवात उतरतो. कॉलऱ्याचं विष पेशीच्या पृष्ठभागावरच्या जीएम१ या मेदाला धरतं आणि गॉल्जीमार्गे (प्रथिनं पाठवणाऱ्या केंद्रातून) उलटा प्रवास करत ईआरपर्यंत, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्यापर्यंत पोचतं. तिथे त्याचा इजा करणारा ए१ खंड उलगडतो, बिघडलेल्या प्रथिनाचं सोंग घेतो आणि अशी प्रथिनं हटवणारी पेशीची यंत्रणाच त्याला पेशीद्रवात सोडते. मला हा टप्पा विलक्षण वाटतो!

इजा? पहिलं ईएफ-२ हे प्रथिनं बनवायला लागणारं प्रथिन निकामी करून प्रथिननिर्मिती थांबवतं; ए-खंडाचा एक रेणूही पेशी मारायला पुरतो. दुसरं पेशी मारत नाही, सीएएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू वाढवून तिला क्लोराइड आणि पाणी बाहेर टाकायला लावतं.

प्रयोगात एंडोसोमची आम्लता घटवणारं अमोनियम क्लोराइड पहिल्याला अडवतं, गॉल्जी विस्कटणारं ब्रेफेल्डिन-ए दुसऱ्याला. पहिल्यासाठी उंदराच्या पेशी मात्र घेऊ नका. त्यांचा ग्राही, म्हणजे वर सांगितलेलं पूर्वरूप, त्याला नीट धरत नाही.

वेळ कमी असेल आणि एकच यंत्रणा स्वच्छ मांडायची असेल, तर घटसर्प. पेशीतली वाहतूक उलगडून दाखवायची असेल, तर कॉलराच.