स्टिकरच्या खालची पाटी

नागपुरात मानेवाड्याला घराच्या मागच्या पडवीत माझं सुतारकाम चालतं. लकडगंजातून सागवानाचे उरलेले तुकडे आणायचे आणि पाट, चौरंग, छोटे देव्हारे करायचे. कडा हातानं घासून घासून खांदा भरून यायला लागला, म्हणून टेबलावर बसवायचा बेल्ट-डिस्क सँडर, म्हणजे फिरत्या घासकागदावर लाकूड घासायचं मशीन, घ्यायचं ठरवलं. ४ बाय ३६ इंची पट्टा आणि बाजूला ६ इंची तबकडी, एवढं माप घरच्या कामाला पुरतं.

इतवारीतल्या एका दुकानात गेलो. मशीनवर मोठं लाल स्टिकर होतं: '१ एचपी, प्युअर कॉपर'. दुकानदारानं पॅकिंगच्या खोक्याची पाइनची पट्टी उचलली आणि फिरत्या पट्ट्याला लावली. भुसा नुसता उडाला. "भाऊ, बिनधास्त घेऊन जा, दिवसभर चालवा. आपल्याकडे झोलझाल नसते." नवीन, खरखरीत ६० नंबरच्या पट्ट्यावर मऊ पाइन कोणतीही मोटर अर्धा मिनिट घासून दाखवते, हे मला तिथे सुचायला हवं होतं. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "पक्कं घ्याल तर १८ टक्के जीएसटी वरून लागेल." मी एस्टिमेटच्या चिठ्ठीवर राजी झालो. २,००० रुपये आगाऊ यूपीआयनं दिले होते, उरलेले ९,५०० रोख दिले.

घरी चौरंगाचा सागवानी पाय पट्ट्यावर जरा दाबून धरला की मोटर घुमायची आणि पट्टा जवळजवळ थांबायचा. मला वाटलं पट्टा सैल असेल. ताणून पाहिला, नवीन घातला, फरक पडला नाही. तबकडीवर तर लाकडाला काळे डाग पडायला लागले. विसेक मिनिटांत मोटरच्या अंगाला हात लावता येईना. आठव्या दिवशी वार्निश जळाल्यासारखा वास आला आणि मशीन बंद पडलं.

गल्लीतला मोटर वाइंडिंग करणारा मुलगा आला. उष्णतेनं स्टिकरचा एक कोपरा उचलला गेला होता. त्यानं नखानं तो सोलला. खाली मूळ पत्र्याची पाटी होती: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ३५० वॅट, २.१ अँपिअर, एस २, ३० मिनिटे.

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट, तेही मोटरच्या दांड्यावर मिळणारे. पाटीवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणले की मोटर जास्तीत जास्त किती वॅट ओढेल ते कळतं; २३० ला २.१ नं गुणलं तर जेमतेम ४८३ येतात, म्हणजे ही मोटर १ एचपी असूच शकत नव्हती. आणि एस २, ३० मिनिटे याचा अर्थ असा की थंड मोटर फार तर अर्धा तास चालवायची, मग पूर्ण निवू द्यायची. सतत चालणाऱ्या मोटरवर एस १ लिहिलेलं असतं. नागपूरच्या मे महिन्यात पडवीतली मोटर निवणार तरी कधी?

मग त्यानं मोटर उघडली. तार वरून तांब्यासारखीच लालसर दिसत होती. ब्लेडनं थोडी खरवडली, तर आतून पांढरी निघाली. "काका, हे कॉपर नाही ना. अल्युमिनियम आहे, वरून फक्त रंगाचं इनॅमल." मी ती तार बोटांत धरून बराच वेळ बघत बसलो. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण तोंडावर खोटं बोलून विकलं याचा संताप जास्त होता.

मशीन घेऊन दुकानात गेलो. "हे आपल्याकडचंच कशावरून? बिल दाखवा." चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, ना मशीनचा सिरियल नंबर. १८ टक्के वाचवायला गेलो आणि पुरावाच हातचा घालवला. ही माझी चूक, आणि तुमच्यापैकी कुणी ती करू नये म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय.

यूपीआयची नोंद मात्र त्याला नाकारता आली नाही. ती, सोललेल्या स्टिकरचे फोटो आणि तारेचा तुकडा घेऊन मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं. तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि त्यासाठी २ वर्षांची मुदत असते.

दुसरं मशीन गेल्या आठवड्यात घेतलं, दुसऱ्या दुकानातून. जाताना पिशवीत सागवानाचा तुकडा नेला आणि वाइंडिंगवाल्या मुलाला सोबत घेतलं. आधी मोटरवरची पत्र्याची पाटी वाचली. त्यावर एस १ होतं आणि वॅट-अँपिअरचा हिशेब जुळत होता. पट्ट्यामागच्या पाटावर पट्टी उभी धरून तो सपाट आहे का पाहिलं. मग पट्ट्यावर सागवान दाबून तीन मिनिटं धरलं. त्या मुलानं क्लॅम्प मीटर लावून अँपिअर पाहिले, ते पाटीवरच्या आकड्याच्या आतच राहिले. सिरियल नंबर बिलावर लिहून घेतला आणि जीएसटीसकट पूर्ण पैसे दिले.

जुनं मशीन पडवीतच झाकून ठेवलंय. स्टिकर सोललेलं आहे तसंच आहे, आयोगासमोर लागेल म्हणून.